द्राक्षावरची फिल्म दुसऱ्या हंगामात का मोडली? नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या प्रकल्प नोंदी

११ डिसेंबर २०२३

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदाराकडून द्राक्षबागेवर आच्छादन म्हणून टाकायच्या प्लास्टिक फिल्मचे तुकडे परत आले. माल आमचाच. सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेला, १२० मायक्रॉन, तीन हंगाम टिकेल असं सांगून. दुसऱ्याच हंगामात ओळीच्या ओळी उघड्या पडल्या. २६ नोव्हेंबरला जिल्ह्यात गारपीट झाली, तिच्यातच फाटली, असं फोनवर जवळपास ठरून गेलं होतं.

तुकडे हातात घेतल्यावर ते पटेना. चांगल्या फिल्मला गार लागली तर भोक पडतं आणि भोकाच्या कडेला प्लास्टिक ताणून पांढरं होतं. इथे कडा कोऱ्या, धारदार. ताणल्याची खूण कुठेच नाही. बागायतदार काका स्वतः आले होते. त्यांनी एक तुकडा दोन बोटांत धरून मोडला आणि म्हणाले, "हा ज्या टोकाचा आहे ना, तिकडं गार पडलीच नाही. पापडासारखा मोडतोय बघा."

या नोंदी म्हणून सुरू करतोय. फिल्म काढणाऱ्या छोट्या कारखानदारांना आणि बागेवर आच्छादन टाकणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी लॉट, खर्च, वाया गेलेला माल, सगळं जसंच्या तसं लिहितो. प्लांट तीन थरांचा, डाय (ज्या गोल साच्यातून वितळलेलं प्लास्टिक ट्यूब होऊन निघतं तो) ३५० मिमी. ट्यूबची सपाट रुंदी १.२२ मीटर, एका बाजूने चिरून २.४४ मीटरचा पन्हा. नऊ फुटांच्या ओळीवर तो बसतो आणि मध्ये हवा खेळायला, पाणी उतरायला फट राहते.

१६ डिसेंबर २०२३

बागेत जाऊन आलो. वाय ट्रेलिसवर, म्हणजे वेलींच्या वाय आकाराच्या मांडवावर, जीआय पाइपचा सांगाडा, माथ्यावर तार, तिच्यावरून दोन्हीकडे उतरणारी फिल्म. फाटण्याच्या तीन जागा स्पष्ट दिसल्या. एक, माथ्याच्या तारेवर सरळ रेषेत. दोन, जिथे फिल्म जीआय पाइपला टेकते तिथे. तिसरी सगळ्यात जास्त क्षेत्रावर: घडांच्या बाजूला, खालच्या अंगाला, जिथे फवारणीचा फवारा थेट आदळतो. तिथे आतून हात फिरवला की बोटाला पिवळसर पावडर लागते.

खरी कामाची गोष्ट मात्र बागेबाहेर सापडली. त्याच रोलचा उरलेला तुकडा काकांनी कांदाचाळीच्या पश्चिमेच्या बाजूला बांधला होता. वय तेवढंच. दुपारभर ऊन खातो, आणि कधी उतरवलेलाही नाही. तो अजून मऊ! हाताने ओढला तर लांबतो, तुटत नाही.

म्हणजे नुसत्या उन्हाने हे झालेलं नाही. रोल एक, डाय एक, मास्टरबॅच (प्लास्टिकच्या दाण्यात मिसळायचं यूव्ही वगैरे रसायनांचं दाट मिश्रण) एक. फरक एकच, बागेतल्या तुकड्यावर औषधं पडली.

काकांची बाग निर्यातीसाठी नोंदणी केलेली, त्यामुळे फवारणीची नोंदवही तारीखवार ठेवलेली आहे. तिचे फोटो घेतले.

१९ डिसेंबर २०२३

नोंदवहीवरून गंधकाचा हिशोब मांडला. भुरी या बुरशीरोगासाठी ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, एकरी ४०० लिटर पाणी. एका फवारणीत ८०० ग्रॅम औषध, म्हणजे ६४० ग्रॅम शुद्ध गंधक. एका हंगामात अशा बारा फवारण्या दिसतात. एकूण ७.७ किलोच्या आसपास.

आता फिल्म. नऊ फुटांच्या ओळी धरल्या तर एकरात साधारण १,४७५ मीटर लांबीच्या ओळी बसतात. २.४ मीटर रुंदीने ३,५४० चौरस मीटर. १२० मायक्रॉनला चौरस मीटरचं वजन ११० ग्रॅम, म्हणून एकरी सुमारे ३९० किलो फिल्म. फवारलेल्या गंधकाचा दहावा भाग जरी फिल्मला चिकटला, तरी एका हंगामात फिल्मच्या वजनाच्या दोन हजार पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन हजार) आकडा जातो.

यात मँकोझेब, प्रोपिनेब धरलेलंच नाही. डावणी रोगावरच्या या औषधांच्या रेणूतही गंधक असतो. बागायतदार गंधक म्हणताना फक्त गंधकाचं पाकीट मोजतात, पण फिल्मच्या दृष्टीने हेही त्याच खात्यात पडतं.

गंधक फिल्मचं काय करतं ते थोडक्यात. आपण फिल्ममध्ये उन्हातल्या यूव्ही किरणांपासून बचावासाठी जे टाकतो त्यात मुख्य असतं हाल्स, म्हणजे हिंडर्ड अमाइन. ते अल्कधर्मी. गंधक ऊन आणि दव यांत ऑक्सिडाइज होऊन आम्ल तयार करतो, आणि आम्ल त्या अमाइनला क्षार करून बसवतं. मग हाल्स फिल्ममध्ये असतं, पण काम करत नाही. क्लोरीन असलेल्या औषधांचाही असाच त्रास. तांब्याचा वेगळाच. बोर्डो आणि कॉपरच्या औषधांतलं तांबं पॉलिथिलीनच्या ऑक्सिडेशनचा वेग वाढवतं. युरोपच्या ईएन १३२०६ या आच्छादन फिल्मच्या मानकात फिल्मच्या आयुष्याबरोबर गंधक आणि क्लोरीनचाही विचार केलेला आहे तो यासाठीच. आपल्याकडे चलनावर फक्त "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" लिहून माल जातो.

२३ जानेवारी २०२४

मुंबईच्या एका प्रयोगशाळेकडे चार नमुने दिले होते: बागेतली खालची बाजू, बागेतला माथा, कांदाचाळीचा तुकडा आणि गोदामात राखून ठेवलेला त्याच लॉटचा कोरा तुकडा. बिल १८,४०० रुपये. नमुने धुऊन, पुसून मगच तपासायला सांगितलं, म्हणजे वरवरची पावडर मोजली जाणार नाही.

खालच्या बाजूच्या नमुन्यात गंधक २,३०० पीपीएम. माथ्याला ९००. कांदाचाळीच्या तुकड्यात नगण्य. एफटीआयआर या इन्फ्रारेड तपासणीत कार्बोनिलचा उंचवटा, म्हणजे १७१५च्या आसपासची ऑक्सिडेशनची खूण, गंधक जास्त तिथे मोठा आहे.

सोबत आमचा मास्टरबॅचही दिला होता. तिथे दुसरी गोष्ट कळली. राख २६ टक्के, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा भरणा. अर्क काढून पाहिला तर हाल्स कमी रेणुभाराचं, ७७० प्रकारचं. त्याचा रेणुभार ४८१. जाड इंजेक्शनच्या मालात, क्रेटमध्ये वगैरे ते चालून जातं. पातळ फिल्ममध्ये ते पृष्ठभागावर येतं, पावसाबरोबर आणि उन्हाबरोबर निघून जातं. फिल्मसाठी ९४४ किंवा ६२२ सारखं मोठ्या रेणूचं हाल्स लागतं. ९४४चा रेणुभार २,००० ते ३,१०० असतो, ते जागा सोडत नाही.

पुरवठादाराला फोन केला. "२० टक्के यूव्ही आहे, सगळे हेच नेतात." कोणतं हाल्स, हा प्रश्न विचारल्यावर "तो आमचा फॉर्म्युला आहे." त्यांच्याकडचं क्यूयूव्हीचं, म्हणजे कृत्रिम ऊन-दवाच्या चाचणीचं, प्रमाणपत्र मात्र खरं आहे. फिल्म त्या चाचणीत पास झालेली आहे. चाचणीत ऊन होतं, दव होतं, गंधक नव्हता.

इथून पुढे मास्टरबॅच घेताना मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे: हाल्सचं नाव, त्याचं शुद्ध प्रमाण, आणि राखेची टक्केवारी. पहिली न देणाऱ्याकडून बागेच्या फिल्मसाठी माल घ्यायचा नाही.

१२ फेब्रुवारी २०२४

पर्याय गोळा केले. निकेल क्वेंचर (यूव्हीपासून वाचवणारं निकेलचं संयुग) हा जुना उपाय. गंधकाला तो चांगला टिकतो, पण फिल्मला पिवळट हिरवी झाक येते, आणि फाटलेली फिल्म शेतातच जाळली किंवा पुरली जाते तिथे निकेल मातीत जाणार. द्राक्षाच्या मुळाशी मला ते नको. बाद.

दुसरा एनओआर प्रकारचं हाल्स, जसं टिनुव्हिन एनओआर ३७१. याच्या अमाइनच्या नायट्रोजनवर ऑक्सिजनमार्फत साखळी जोडलेली असते, त्यामुळे ते फारसं अल्कधर्मी राहत नाही आणि आम्लाच्या तावडीत सहज सापडत नाही. ग्रीनहाऊसच्या फिल्मसाठी हे जगभर वापरतात. अडचण भावाची. आमचा जुना मास्टरबॅच ३४० रुपये किलो. एनओआर आणि यूव्ही शोषक एकत्र असलेला २० टक्क्यांचा मास्टरबॅच १,१५० रुपये किलो, तोही किमान १०० किलो.

भागीदारांशी बोलणं झालं. त्यांचं म्हणणं रास्त होतं, बागायतदार किलोचा भाव बघतो. माझं म्हणणं असं की तो एकरी किती हंगाम निघाले तेही बघतो, आणि यंदा बघून झालेलं आहे. १०० किलोची ऑर्डर दिली.

लॉट असे ठरले. अ: जुना मास्टरबॅच ४ टक्के, तुलनेसाठी. ब: मोठ्या रेणूचं हाल्स आणि बेंझोफिनोन शोषक, ४ टक्के. क: एनओआर आणि शोषक, बाहेरच्या दोन थरांत ४ टक्के, मधल्या थरात २ टक्के. ड: क प्रमाणेच, पण आतल्या थरात अँटीफॉग (फिल्मवर पाण्याचे थेंब धरू न देणारं द्रव्य).

दाणा सगळा व्हर्जिन, म्हणजे कोरा. बाहेरच्या थरांत एलडीपीई जास्त, मधल्या थरात एलएलडीपीई जास्त; दोन्ही पॉलिथिलीनचेच प्रकार. स्लिप, म्हणजे फिल्म घसरती करणारं द्रव्य, कुठेच नाही. बागेत फिल्म क्लिपमधून सटकता कामा नये.

१४ मार्च २०२४

अ आणि ब सरळ निघाले. क सुरू केला आणि मधल्या थरात एलएलडीपीई वाढवल्यामुळे मोटरवर लोड चढला. लोड उतरवायला ऑपरेटरने झोनची तापमानं वाढवली, मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) २१५ अंशांवर गेलं, बबल (हवेने फुगवलेली गरम ट्यूब) डोलायला लागला, जाडी एका बाजूला १०५ तर दुसऱ्या बाजूला १३८. महाग मास्टरबॅच असलेला माल स्क्रॅपमध्ये जाताना बघवत नाही. मशीन थांबवलं.

तापमान परत १८५–१९० वर आणलं, स्पीड कमी केला, फ्रॉस्ट लाइन (बबल थंड होऊन गोठतो ती रेषा) खाली घेतली. बबल स्थिर झाला, पण आता डायजवळ फिल्मचा पृष्ठभाग खरखरीत. शार्कस्किन. त्यासाठी बाहेरच्या थरांत प्रोसेसिंग एड १ टक्का टाकलं. ते टाकल्याबरोबर परिणाम दिसत नाही, डायच्या आतल्या पृष्ठभागावर त्याचा थर बसायला वेळ लागतो. तासाभराने रेघा विरळ होत गेल्या आणि मग पूर्ण गेल्या. घाई करून डोस दुप्पट करण्याची गरज नसते.

आजचा स्क्रॅप १६० किलो. त्यात साधारण पाच किलो एनओआर मास्टरबॅच गेला, सहा हजारांच्या घरात. ट्रिम कोरी आहे, ती दळून मधल्या थरात १० टक्क्यांपर्यंत परत घेणार. बागेतून परत आलेली जुनी फिल्म मात्र दळून पुन्हा वापरायची नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी. गंधक आणि तांबं तिच्या पोटात असतं, ते नव्या फिल्मचं आयुष्य पहिल्या दिवसापासून खातं.

२८ मार्च २०२४

चाचणीची पद्धत ठरवली. क्यूयूव्ही, एएसटीएम जी१५४ चं पहिलं चक्र: यूव्हीए-३४० दिवे, ८ तास प्रकाश ६० अंशांवर, ४ तास दव ५० अंशांवर. प्रत्येक लॉटच्या पट्ट्यांचे दोन संच. एक संच तसाच. दुसरा संच दर आठवड्याला बाहेर काढून गंधकाच्या दाट पाण्यात, लिटरला २० ग्रॅम, बुडवून, सावलीत वाळवून परत आत. ही कुठल्या मानकातली पद्धत नाही, कारखान्यात चहा घेताना ठरलेली आहे. पण आम्हाला लॉटची आपापसात तुलना हवी होती आणि ती यातून मिळते.

निकष एकच ठेवला: तुटेपर्यंतची लांबण मूळच्या निम्म्यावर आली की फिल्म संपली.

२१ मे २०२४

१,००० तास पूर्ण. आडव्या दिशेची लांबण, मूळच्या टक्केवारीत:

गंधकाशिवाय: अ ६२, ब ९०, क ९१.
गंधकासह: अ पकडीत बसवतानाच तुटली, ब ३८, क ८१.

या दोन ओळींसाठीच हा सगळा खर्च होता. गंधकाशिवाय ब आणि क एकच दिसतात. तेवढीच चाचणी करून निर्णय घेतला असता तर ब स्वस्त म्हणून ब वर शिक्का बसला असता, आणि दोन वर्षांनी पुन्हा पोतंभर तुकडे दारात आले असते. उत्तम प्रतीचं साधं हाल्ससुद्धा गंधकापुढे टिकत नाही, हे मला स्वतःला मोजून बघायचं होतं.

प्रयोगशाळेचं बिल ५२,०००. पुढचे १,००० तास फक्त ब आणि क साठी चालू ठेवले.

८ जुलै २०२४

२,००० तास. क, गंधकासह ६६. ब गंधकाशिवाय ७७ आहे, गंधकासह मोजण्यासारखी राहिलीच नाही. क चा पूर्ण लॉट काढायचा ठरला, तीन एकरांपुरता.

२ ऑगस्ट २०२४

पावसाळ्यात अँटीफॉगचा मास्टरबॅच ओल धरतो. ड लॉट काढताना फिल्ममध्ये तांदळाच्या कणीएवढे लांबट बुडबुडे. दोन रोल गेले. पिशवी उघडी राहिली की नाशिकच्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत हे होतं. हॉपर ड्रायर ७० अंशांवर तीन तास चालवून मग माल घेतला, बुडबुडे बंद. आता उघडलेली पिशवी त्याच दिवशी संपवायची किंवा सील करून कोरड्या खोलीत ठेवायची.

वीजही दोनदा गेली. बंद पडलेल्या डायमध्ये माल करपतो आणि पुढचे दोन तास काळे ठिपके येत राहतात. वीज गेल्यावर आधी हीटर उतरवायचे, आणि परत आल्यावर नुसत्या एलडीपीईने डाय धुऊन मग महाग माल सोडायचा, असा कागद पॅनेलवर चिकटवला.

२७ सप्टेंबर २०२४

फळछाटणीच्या आधी सांगाडे तयार. निफाडला काकांच्या दीड एकरावर क, त्याच बागेत अ आणि ब च्या प्रत्येकी दोन ओळी. दिंडोरीत दुसऱ्या बागायतदाराकडे एका एकरावर क आणि चार ओळी ड.

बांधणीत दोन बदल केले. पहिला पाइपसाठी. उन्हात तापलेला जीआय पाइप जिथे फिल्मला टेकतो तिथे ती आधी जाते, म्हणून पाइपच्या वरच्या अंगाला पांढरा अॅक्रिलिक रंग दिला, पाण्यात कालवायचा. तेलाचा रंग चालत नाही, त्यातलं सॉल्व्हंट फिल्मला लागतं. एकरी मजुरीसह खर्च ४,२०० रुपये.

दुसरा बदल माथ्याच्या रेषेसाठी. ट्यूब दाबून सपाट करणाऱ्या निप रोलरमधून जाताना दोन्ही कडांना घडी पडते. एक कड चिरली की दुसरी घडी बरोबर पन्ह्याच्या मध्यावर येते, आणि बागेत तीच माथ्याच्या तारेवर बसते: सगळ्यात जास्त ऊन, सगळ्यात जास्त ताण आणि सगळ्यात कमजोर रेषा, तिन्ही एका जागी. आता ब्लेड कडेवर न ठेवता ३० सेंटिमीटर आत घेतलं. घड्या दोन राहतात, पण मधली घडी माथ्यापासून फूटभर बाजूला जाते. निपचा दाबही उतरवला. या बदलाला एक रुपया खर्च नाही. ब्लेडचा ब्रॅकेट सरकवावा लागला, एवढंच.

१९ डिसेंबर २०२४

दोन्ही बागा पाहिल्या. पावसापासून आणि दवापासून पानं कोरडी राहतात, त्यामुळे डावणी आणि करपा खूप कमी. दिंडोरीच्या बागायतदारांनी डावणीच्या फवारण्या बऱ्याच कमी केल्या आहेत. पण आच्छादनाखाली भुरी वाढते. भुरीला पानावर पाणी लागत नाही, उलट पावसाने धुऊन जाणारी भुरी इथे धुतली जात नाही. सावली आणि कोंदट हवा तिला मानवते. मग बागायतदार काय करतो? गंधक वाढवतो.

म्हणजे फिल्म टाकल्यामुळे भुरी, भुरीमुळे गंधक, आणि गंधकामुळे फिल्म जाते. साधी यूव्ही फिल्म विकणाऱ्या कारखानदाराला हा फेरा माहीत असायलाच हवा. आपण आपल्याच मालावर जास्त गंधक ओढवून घेतो, आणि तरी चाचणी मात्र गंधकाशिवाय करतो.

दोन्हीकडे सुचवलं की गंधक मारताना नोझल वर न धरता छत्रीच्या आत, पानांच्या पातळीवर ठेवा, आणि जिथे सल्लागार हो म्हणतील तिथे काही फेऱ्या गंधकाऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा जैविक औषधाच्या घ्या. कोणतं औषध कधी मारायचं हे मी सांगणार नाही, ते मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी बघून बागायतदारांनी ठरवावं.

ड बद्दल निराशा. निफाड-दिंडोरीच्या थंडीत पहाटे फिल्मच्या आतून थेंब घडांवर पडू नयेत म्हणून अँटीफॉग टाकलं होतं. थेंब खरोखर थांबले, पाणी पातळ थर होऊन कडेला उतरतं. पण पृष्ठभागावर आलेल्या अँटीफॉगला धूळ आणि गंधक दोन्ही चिकटतात. लक्समीटरने दुपारी मोजलं तर क खाली बाहेरच्या ८४ टक्के प्रकाश, ड खाली ७१. कमी प्रकाशात साखर भरायला वेळ लागणार. चारी बाजूंनी उघड्या असलेल्या छत्रीला अँटीफॉगची गरज नाही. ते बंद पॉलिहाऊसचं काम आहे. ड थांबवला.

२२ एप्रिल २०२५

काढणी झाली, फिल्म उतरवली. खालच्या बाजूचे नमुने घेतले. लांबण मूळच्या टक्केवारीत: अ ४१, ब ६३, क ९०. दिंडोरीतली क ८८.

अ एका हंगामानंतरही ओळीवर टिकून होती, डोळ्यांना चांगलीच दिसत होती. पहिल्या हंगामाअखेर सगळ्यांची फिल्म चांगलीच दिसते, त्यामुळे बागायतदाराचा "यंदा चांगली निघाली" हा शेरा पुरेसा धरू नये. एक पट्टी कापून दोन्ही हातांनी ओढून बघा. चांगली फिल्म लांबत जाते आणि मग तुटते. संपत आलेली मधेच टचकन सुटते.

साठवणीचा प्रयोग इथूनच सुरू केला. ब ची एक ओळ साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून गुंडाळली. दुसरी तशीच, पावडरसकट.

१८ जून २०२५

यंदा मेमध्येच पाऊस धरला. दिंडोरीच्या बागायतदारांनी काही ओळींवरची फिल्म काढली नव्हती, त्यामुळे वादळी वाऱ्याची परीक्षा आपोआप झाली. नव्या पद्धतीने चिरलेल्या रोलमध्ये माथ्याच्या रेषेवर एकही चीर नाही. दोन ठिकाणी आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) निसटल्या, तिथे फिल्म फाटली. आयलेटच्या जागी काठ दुमडून आत दोरी घालून क्लिप लावायची, असं ठरलं.

९ सप्टेंबर २०२५

साठवलेल्या रोलचे आकडे. उतरवताना ब ६३ होती. धुऊन ठेवलेली ६०, न धुतलेली ४९. अंधाऱ्या गोदामात, बिनउन्हाची, चार-पाच महिन्यांत एवढी उतरली! गंधक गुंडाळीच्या आत राहिला, ओल आली आणि त्याचं काम चालूच राहिलं. एक एकर धुवायला पंपाने अर्धा दिवस लागतो. क साठीही धुणं सक्तीचं केलं. एनओआर गंधक सोसतं, पण फुकट सोसायला कशाला लावायचं.

६ ऑक्टोबर २०२५

दुसऱ्या हंगामासाठी क ची तीच फिल्म दोन्ही बागांवर परत चढली. चढवताना क्लिपजवळ एकदाही तुटली नाही. जुन्या लॉटच्या वेळी दुसऱ्यांदा चढवतानाच तुकडे पडायला लागले होते, असं काकांनी आठवून सांगितलं.

भावाचा हिशोब आता पक्का आहे. जुन्या पद्धतीत मास्टरबॅचचा खर्च फिल्मच्या किलोला १३.६० रुपये. क मध्ये सरासरी ३ टक्के पडतो, ३४.५० रुपये. किलोला २१ रुपये जास्त, एकरी ३९० किलोवर ८,२०० च्या आसपास. त्यात रंगाचे ४,२०० धरले तर एकरी साडेबारा हजार वाढतात. एक हंगाम जरी जास्त निघाला तरी फिल्म, मजुरी, उतरवणं-चढवणं मिळून बागायतदाराचं यापेक्षा कितीतरी जास्त वाचतं. हे गणित घेऊन गेलो तर भावावर घासाघीस होते, पण नकार येत नाही.

चलनावरचा मजकूर बदलला. नुसतं "यूव्ही स्टॅबिलाइज्ड" काढलं. आता हाल्सचा प्रकार, शुद्ध प्रमाण, जाडीची किमान मर्यादा आणि तीन अटी लिहिल्या आहेत: पाइपला पांढरा रंग, उतरवल्यावर धुणं, आणि तक्रार आली तर फवारणीची नोंदवही सोबत. जाडी सरासरीने न देता किमान देतोय, कारण फिल्म नेहमी पातळ जागीच आधी जाते.

या हंगामात दर महिन्याला खालच्या बाजूची एक पट्टी दोन्ही बागांतून येणार आहे. लांबण आणि गंधक दोन्ही मोजायचे. क चा गंधक ३,००० पीपीएम ओलांडतो का आणि ओलांडल्यावर लांबण कशी उतरते, तेवढं मार्चपर्यंत कळेल. तोवर तिसऱ्या हंगामाची हमी कुणालाही लेखी देत नाही, दोन हंगामांचीच देतो.